हजेरीची सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना खुलं पत्र: आधी पंचचा हिशेब दाखवा, मग नवी फीचर्स द्या

प्रति,
हजेरी, पाळ्या आणि कामाच्या तासांची सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपन्यांचे उत्पादनप्रमुख, डिझायनर आणि प्रोग्रामर

विषय: नव्या आवृत्त्यांत काय हवं आणि काय नको

स.न.वि.वि.

तुमच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर फीचर्सची लांबलचक यादी येते. चेहरा ओळखून हजेरी, जीपीएसची हद्द, आपोआप लागणारं रोस्टर म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक, मोबाइलवरून पाळीची अदलाबदल, उद्या कोण दांडी मारणार याचा अंदाज. आम्ही पाळ्या लावणारे, महिनाअखेरीला मस्टर म्हणजे हजेरीपट बंद करणारे आणि पगारपत्रक काढणारे लोक. यातल्या काही गोष्टींनी आमचं काम खरंच हलकं केलं आहे. पण आमचं मागणं या यादीच्या आधीचं आहे. कामगाराने येता-जाता केलेल्या पंचपासून, म्हणजे हजेरीच्या नोंदीपासून, त्याच्या पगाराच्या आकड्यापर्यंतची प्रत्येक पायरी त्याला स्वतःला, त्याच दिवशी, स्वतःच्या मोबाइलवर दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर नवी फीचर्स जुन्याच चुका जास्त वेगाने करतात, आणि त्या सापडतात पगार झाल्यावर.

सुरुवात राउंडिंगपासून करू. वेळ जवळच्या १५ मिनिटांवर नेण्याची सोय जवळपास सगळीकडे असते. कागदावर ती समतोल दिसते: ७ मिनिटांपर्यंतचा फरक खाली, ८ पासून वर. पण उशीर झाला की लेट मार्क लागतो, म्हणून माणसं लवकर येतात. आणि पुढची पाळी येऊन ताबा घेईपर्यंत जागा सोडता येत नाही, म्हणून उशिरा निघतात. ०८:५३ ला आलेल्या माणसाची वेळ ०९:०० होते, १७:३७ ला निघालेल्याची १७:३० होते. दिवसाला १४ मिनिटं गेली. २६ दिवसांत ही ६ तास ४ मिनिटं होतात. नियम दोन्ही बाजूंना सारखा असला तरी माणसांची सवय एकाच बाजूला झुकलेली असते, आणि नुकसान नेहमी त्याच बाजूला पडतं. आमची मागणी अशी की राउंडिंग सुरुवातीला बंदच ठेवा. कुणी चालू केलंच तर मूळ वेळ पुसली जाऊ नये, ती पडद्यावर शेजारीच दिसावी, आणि महिन्याच्या शेवटी ‘राउंडिंगमुळे एकूण इतकी मिनिटं कमी किंवा जास्त’ असा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे यावा. हा एक आकडा दिसू लागला की कितीतरी ठिकाणी राउंडिंग आपणहून बंद होईल.

जेवणाच्या सुट्टीचे ३० मिनिटं आपोआप कापणारं सेटिंग याच जातीचं. सुट्टी मिळाली की नाही हे न पाहताच ते कापतं. गर्दीच्या दिवशी उभ्या उभ्या दोन घास खाऊन पुन्हा कामाला लागलेल्या माणसाचा अर्धा तास त्यात जातो. कापायचंच असेल तर बाहेर पडताना एक साधा प्रश्न विचारा: ‘सुट्टी पूर्ण मिळाली का?’ उत्तर ‘नाही’ आलं तर कपात थांबवा आणि सुपरवायझरला कळवा.

दशांशाचा घोळ ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण पगारात तो मोठा होतो. ७ तास ४५ मिनिटं म्हणजे ७.७५ तास. तुमच्या एक्सपोर्ट फाइलमध्ये कधी ७:४५ येतं, कधी ७.४५. दुसरा आकडा पगाराच्या सॉफ्टवेअरने दशांश समजून घेतला की त्याचे ७ तास २७ मिनिटं होतात. रोजची १८ मिनिटं, २६ दिवसांची ७ तास ४८ मिनिटं, म्हणजे जवळपास एक दिवसाची हजेरी. शिवाय २० मिनिटांचे ०.३३ तास करून तीन वेळा बेरीज केली तर ०.९९ होतात, एक तास होत नाही. उपाय सोपा आहे. आतला सगळा हिशेब पूर्ण मिनिटांत ठेवा, तासांत रूपांतर अगदी शेवटी एकदाच करा, आणि एक्सपोर्टच्या रकान्याच्या मथळ्यातच ‘एकूण मिनिटं’ असं लिहा. मग कुणाला अंदाज बांधावा लागणार नाही.

आता रात्रपाळी. तुमच्या डेमोमध्ये नेहमी नऊ ते साडेपाचची पाळी असते, आणि खरी परीक्षा रात्री दहानंतर सुरू होते. ‘दिवसातला पहिला पंच आत, शेवटचा पंच बाहेर’ असं धरणारी पद्धत रात्रपाळीत पूर्ण कोसळते, कारण तारीख मध्येच बदलते. ‘एक पंच आत, पुढचा बाहेर’ ही आलटून पालटून चालणारी पद्धत एका विसरलेल्या पंचने बिघडते, आणि मग बिघडलेलीच राहते. माणूस सोमवारी २२:०२ ला आत आला, मंगळवारी सकाळी निघताना पंच करायचं विसरला, मंगळवारी रात्री २१:५८ ला पुन्हा आला. सॉफ्टवेअर हा पंच ‘बाहेर’ धरतं आणि २३ तास ५६ मिनिटांची पाळी दाखवतं. बुधवारी सकाळचा बाहेरचा पंच ‘आत’ होतो. तिथून पुढचे सगळे दिवस उलटे.

यावर पाळीला १६ तासांची मर्यादा घालून भागत नाही, कारण रिलीव्हर म्हणजे पुढच्या पाळीत ताबा घेणारा माणूस आला नाही की डबल ड्युटी होते आणि ती १६ तासांच्या थोडी पुढेही जाते. पंच रोस्टरशी जोडा. ठरलेल्या पाळीच्या सुरुवातीच्या आसपासचा पंच हा ‘आत’, मग आधीचा बाहेरचा पंच मिळालेला असो वा नसो. आधीची पाळी ‘अपूर्ण’ म्हणून उघडी ठेवा आणि त्याच सकाळी कामगाराला विचारा. एका मिनिटाच्या आत दोनदा लागलेला अंगठा एकच धरा, पण दोन्ही नोंदी जपून ठेवा.

रात्रपाळी कुठल्या दिवशी मोजायची हा प्रश्नही तुम्ही एका सेटिंगमध्ये उरकता, आणि ते पुरत नाही. शनिवारी २३:०० ते रविवारी ०७:०० या पाळीत एक तास शनिवारचा, सात तास रविवारचे. रविवार साप्ताहिक सुट्टीचा असेल तर? हजेरी पाळी सुरू झाली त्या दिवसाला लागते, पण सुट्टीच्या दिवशीच्या कामाचा जादा दर काही ठिकाणी मध्यरात्रीपासून मोजतात, काही ठिकाणी पूर्ण पाळीला लावतात. हजेरी, ओव्हरटाइम आणि सुट्टीचा दर या तिन्हींसाठी तीन वेगळी सेटिंग्ज हवीत. एकच दिलंत की दोन गोष्टी बरोबर करायला तिसरी बिघडवावी लागते, आणि ती तिसरी आम्ही एक्सेलमध्ये हाताने दुरुस्त करत बसतो.

ज्या देशांत घड्याळं वर्षातून दोनदा पुढेमागे होतात, तिथे २२:०० ते ०६:०० ही पाळी एका रात्री सात तासांची असते आणि एका रात्री नऊ तासांची. स्थानिक वेळांची नुसती वजाबाकी केली तर दोन्ही रात्री आठच तास दिसतात. झालेले पंच यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत साठवा. पुढच्या पाळ्या मात्र स्थानिक वेळ आणि टाइम झोनचं नाव अशा जोडीने साठवा. घड्याळ बदलण्याचे नियम सरकारं मध्येच बदलतात, आणि यूटीसीत साठवलेली पुढची पाळी मग तासाने सरकते.

चेहरा, अंगठा आणि जीपीएस यांच्याबद्दल आम्हाला एकच सूत्र सुचवायचं आहे: पंच नाकारू नका, शेरा मारा. हद्दीबाहेरचा वाटला तरी पंच घ्या, ‘हद्दीबाहेर’ असा शेरा लावा, निर्णय माणसाला करू द्या. नाकारलेल्या पंचची नोंदच उरत नाही, आणि मग दारात उभ्या असलेल्या माणसाचा खाडा लागतो. अँड्रॉइड फोन स्थानाबरोबर अचूकतेचा जो मीटरमधला आकडा देतो, त्याचा अर्थ खरी जागा त्या वर्तुळात असण्याची शक्यता साधारण ६८ टक्के, इतकाच. म्हणजे तीनातल्या जवळपास एका वेळी माणूस त्या वर्तुळाबाहेर असू शकतो. मोकळ्या आकाशाखाली चूक काही मीटरची असते. तळघरात, पत्र्याच्या शेडखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये ती कितीतरी पटींनी वाढते. अशा जागी ५० मीटरची हद्द ठेवून कुणाला खोटं ठरवणं हा अन्याय आहे. हद्द तपासताना फोनने दिलेली अचूकता हिशेबात घ्या, आणि स्थान फक्त पंचच्या क्षणी वाचा. दिवसभर माग काढण्याची सोय या कामासाठी लागत नाही.

अंगठ्याचं गणित तर खरेदी करणाऱ्यांना कुणी समजावूनच सांगत नाही. मशीनच्या माहितीपत्रकात चुकीच्या जुळणीचं प्रमाण एक लाखात एक असं लिहिलेलं असलं, तरी ते एका बोटाची एका नोंदीशी तुलना केली तरचं असतं. नुसता अंगठा टेकवून हजार जणांत शोधायला लावलं की चुकून दुसऱ्याच कुणाशी जुळण्याची शक्यता शंभरात सुमारे एक होते. आधी कर्मचारी क्रमांक टाका, मग अंगठा, असं केलं की तुलना पुन्हा एकास एक होते. यात तीन-चार सेकंद जास्त जातात, ते चालतील. सिमेंट, रसायनं किंवा सतत ओल्या हातांचं काम करणाऱ्यांच्या रेषा झिजलेल्या असतात. त्यांची दोन्ही हातांची मिळून किमान चार बोटं नोंदवून घ्या आणि पिन किंवा कार्डाचा पर्याय कायम चालू ठेवा.

इथे एक छोटी गोष्ट, जी करायला अगदी थोडा कोड लागेल: फसलेले प्रयत्नही वेळेसकट जपा. एखाद्याने ०८:५५ पासून चार वेळा बोट टेकवलं आणि मशीनने ०९:०४ ला ते ओळखलं, तर तो माणूस ०८:५५ ला हजर होता. आज तुमच्या नोंदीत फक्त ०९:०४ उरतं आणि लेट मार्क त्याच्या नावावर जातो. क्रमांक आधी टाकायची पद्धत असेल तर फसलेला प्रयत्न कुणाचा हेही कळतं. काम सोडून गेलेल्यांच्या बोटांचा आणि चेहऱ्याचा डेटा ठराविक मुदतीत आपोआप पुसला जावा. पासवर्ड फुटला तर बदलता येतो, बोट बदलता येत नाही.

ऑफलाइन पंचबद्दल थोडक्यात. फोनचं घड्याळ कुणीही मागे करू शकतो, म्हणून फोनची वेळ, फोन सुरू झाल्यापासून गेलेला वेळ आणि सर्व्हरवर नोंद पोचल्याची वेळ, तिन्ही साठवा. फोन मध्ये बंद करून चालू केला नसेल आणि घड्याळाला कुणी हात लावला नसेल तर पहिल्या दोन आकड्यांचा मेळ बसतो. प्रत्येक पंचला फोनवरच वेगळा क्रमांक द्या, नाहीतर नेट येता-जाता तोच पंच दोनदा पोचतो. आणि गैरहजेरी लागल्यानंतर उशिरा पोचलेला पंच आला, तर तो दिवस आपोआप पुन्हा मोजला गेला पाहिजे. आज त्यासाठी अर्ज करावा लागतो.

आता आपोआप लागणाऱ्या रोस्टरकडे. हे फीचर आम्हाला मनापासून हवं आहे. चाळीस माणसं, तीन पाळ्या, रजा, कौशल्यं, रात्रपाळ्यांची वाटणी हे सगळं हाताने जुळवताना किती वेळ जातो ते आम्हाला ठाऊक आहे. पण त्याचे नियम लिहिणाऱ्यांनी आठवडा या शब्दापाशी थांबून विचार करावा. ‘दर आठवड्याला एक सुट्टी’ हा नियम सॉफ्टवेअर असा पाळतं: पहिल्या आठवड्यात सुट्टी सोमवारी, दुसऱ्यात रविवारी. नियम पाळला गेला, अहवालात हिरवी खूण आली, आणि माणसाने मंगळवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत सलग १२ दिवस काम केलं. मर्यादा सलग दिवसांवर हवी, कॅलेंडरच्या चौकटीवर नको. विश्रांतीचंही तसंच. युरोपीय संघाच्या २००३ च्या कामाच्या वेळेसंबंधीच्या निर्देशात दर २४ तासांत सलग ११ तास विश्रांतीचा नियम आहे. तसा नियम सॉफ्टवेअरमध्ये घालता येतो, पण तो रोस्टरवरच्या सुटण्याच्या वेळेवर तपासला जातो. पाळी २२:०० ला संपणार होती, माणूस प्रत्यक्षात ००:३० ला निघाला आणि सकाळी ०९:०० ला पुन्हा हजर व्हायचं आहे, तर विश्रांती ११ तासांची उरली नाही, साडेआठ तासांची झाली. बाहेरचा पंच पडताक्षणी पुढची पाळी पुन्हा तपासा आणि त्याच वेळी सुपरवायझरला इशारा द्या. सकाळी नऊला दिलेला इशारा कुणाच्याच कामाचा नाही.

माणसं कमी आणि नियम जास्त असले की सगळे नियम पाळणारं रोस्टर बनतच नाही. अशा वेळी काही सॉफ्टवेअर गुपचूप एखादा नियम सोडतात आणि भरलेला तक्ता समोर ठेवतात. तक्ता पूर्ण दिसतो म्हणून कुणी शंका घेत नाही. कुठले नियम कधीच मोडायचे नाहीत आणि कुठले नाइलाज झाला तर वाकवायचे, हे आम्हाला वेगळं लिहू द्या. रोस्टर बसत नसेल तर स्पष्ट सांगा: ‘गुरुवारी रात्रपाळीला प्रशिक्षित माणूस एक कमी. यांपैकी एक नियम सैल केला तर बसेल.’ पुढचा निर्णय आमचा. आणि वाटणीची आठवण पुढच्या महिन्यात न्या. कुणाच्या वाट्याला गेल्या सहा महिन्यांत किती रात्री, किती रविवार, किती सणाचे दिवस आले याचा तक्ता सगळ्यांना दिसू द्या. रोस्टरवरची बहुतेक भांडणं अशा तक्त्याच्या अभावी होतात.

पाळीची अदलाबदल मोबाइलवर आली हे चांगलंच झालं. फक्त मंजुरीआधी दोघांच्याही बाजूने विश्रांती, कौशल्य आणि ओव्हरटाइम तपासा, कारण अदलाबदलीमुळे एकाचा ओव्हरटाइम सुरू होतो आणि ते पगाराच्या दिवशी कळतं. मोकळी पाळी ‘आधी येईल त्याला’ या पद्धतीने देऊ नका. जो मशीनवर उभा आहे आणि ज्याचा फोन लॉकरमध्ये आहे, त्याच्या हाती ती कधीच लागत नाही. चार तास इच्छा नोंदवू द्या, मग ज्याला आजवर कमी मिळाल्या त्याला द्या.

रोस्टर जाहीर झाल्यावर झालेला प्रत्येक बदल नव्या आवृत्तीच्या क्रमांकासह जपा. बदल त्या माणसाने पाहिल्याची नोंद नसेल तर त्या पाळीला लेट मार्क किंवा खाडा लावू नका. ही काही नवी कल्पना नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या १९१९ च्या पहिल्याच करारात पाळ्यांच्या वेळा ठळक जागी लावाव्यात, न कळवता बदलू नयेत आणि जादा तासांची नोंद ठेवावी, असं लिहिलं आहे. आणि १४ मे २०१९ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने कामाचे रोजचे तास मोजणारी व्यवस्था वस्तुनिष्ठ, विश्वासार्ह आणि सहज पाहता येण्याजोगी असली पाहिजे, असा निर्णय दिला. यातली ‘सहज पाहता येण्याजोगी’ ही अट तुमच्या कामगारांसाठीच्या ॲपमध्ये सर्वांत दुबळी आहे.

दोन नव्या फीचर्सना आमचा स्पष्ट विरोध आहे. पहिलं, माऊस आणि कीबोर्ड किती हलला यावरून कामाचे गुण देणं, पडद्याची छायाचित्रं घेणं आणि ‘निष्क्रिय’ मिनिटं पगारातून वजा करणं. फोनवर ग्राहकाशी बोलणारा, कागद वाचणारा, सहकाऱ्याला समजावून सांगणारा माणूस या मोजणीत रिकामा बसलेला ठरतो. दुसरं, दांडीचा अंदाज. मागच्या आजारपणाच्या रजांवरून एखाद्याच्या नावापुढे धोक्याचा आकडा लावायचा, तो त्याला दाखवायचा नाही, आणि रोस्टर मात्र त्यावरून लावायचं, हे चुकीचं आहे. एखाद्या पाळीला एकूण किती राखीव माणसं लागतील याचा अंदाज जरूर द्या. नावानिशी देऊ नका.

राहून गेलेला पंच आपोआप भरून देणाऱ्या फीचरचंही सांगायला हवं. ते रोस्टरवरची वेळ घेऊन रिकामा रकाना भरतं आणि महिन्याचं मस्टर स्वच्छ दिसतं. पण ती नोंद घडलेली नाही, अंदाजाने बसवलेली आहे. ती वेगळ्या रंगात दाखवा, कामगाराने ‘बरोबर’ म्हटल्याशिवाय पगारात धरू नका. हाताने केलेल्या प्रत्येक दुरुस्तीत जुनी वेळ, नवी वेळ, कुणी, केव्हा आणि का, या पाच गोष्टी राहिल्या पाहिजेत, आणि दुरुस्ती होताच त्या माणसाला संदेश गेला पाहिजे. मस्टर बंद झाल्यावर मागचा महिना उघडू देऊ नका. फरक पुढच्या महिन्यात वेगळ्या ओळीत दाखवा.

कामगाराच्या मोबाइलवर रोज संध्याकाळी काय दिसावं, ते आम्ही लिहूनच देतो. वर राउंडिंगच्या उदाहरणात आलेल्या माणसाचाच दिवस घ्या:

‘आत ०८:५३, बाहेर १७:३७. सुट्टी १३:०२ ते १३:३१, २९ मिनिटं. प्रत्यक्ष काम ८ तास १५ मिनिटं. राउंडिंगमुळे १४ मिनिटं कमी. सुट्टीची कपात ३० मिनिटं धरल्याने १ मिनिट कमी. पगारासाठी धरलेले तास ८:००. आज कुणीही दुरुस्ती केलेली नाही. हरकत असल्यास इथे दाबा.’

हे त्याच्या भाषेत हवं, साध्या फोनच्या लहान पडद्यावर नीट वाचता यायला हवं, आणि नोकरी सोडल्यावरही त्याला स्वतःच्या नोंदींची प्रत काढता यायला हवी.

पुढच्या वेळी डेमोला याल तेव्हा आम्ही नमुन्याच्या नोंदी तयार ठेवू: मध्यरात्र ओलांडणारी आणि साप्ताहिक सुट्टीत शिरणारी पाळी, विसरलेला बाहेरचा पंच, १६ तासांपुढे गेलेली डबल ड्युटी, दोनदा पोचलेला ऑफलाइन पंच, घड्याळ बदलण्याची रात्र, सलग १२ दिवसांचं रोस्टर, आणि मस्टर बंद झाल्यावर आलेली दुरुस्ती. त्या आमच्यासमोर चालवून दाखवा. खरेदीनंतर दोन पूर्ण पगार-महिने जुनी आणि नवी पद्धत शेजारी शेजारी चालवू, प्रत्येक माणसाच्या मिनिटांतला फरक काढू, आणि ज्या फरकाचं कारण तुमच्या पडद्यावरूनच सांगता येणार नाही तो तुमच्याकडे दुरुस्तीसाठी पाठवू. तो दुरुस्त होईपर्यंत त्या माणसाचा पगार जुन्याच हिशेबाने निघेल.

कळावे.

आपले,
पाळ्या, मस्टर आणि पगारपत्रकाचं काम पाहणारे कर्मचारी